भाऊजींचं ताट

वहिनींची खानावळ कारखान्याच्या फाटकासमोर होती. नवरा गेल्यावर धाकट्या दिराने त्यांना घराबाहेर काढलं, तेव्हापासून त्या तिथेच रांधायच्या आणि तिथेच झोपायच्या. दीर मात्र कोडगेपणाने रोज जेवायला यायचा. त्याच्या ताटात त्या लोण्याचा गोळा वाढायच्या, तळलेलं मटण दोनदा वाढायच्या. लोक म्हणायचे, बाईचं मन मोठं. वहिनी मनात म्हणायच्या, गिळ मेल्या.

एक दिवस तो पडलेल्या चेहऱ्याने आला. "वहिनी, एकूण कोलेस्टेरॉल चांगल्या कोलेस्टेरॉलच्या सातपट झालंय. डॉक्टर म्हणतात, रक्तवाहिन्यांत थर साचतोय. बायको तर माहेरी निघून गेली. आता तुम्हीच वाचवा."

वहिनींनी सवयीने लोण्याचं भांडं उचललं. आता थोडाच धीर धरायचा होता. पण त्याच्या डोळ्यांतली भीती त्यांनी नीट पाहिली, आणि मरण ही त्यांना फारच स्वस्त शिक्षा वाटली. भांडं त्यांनी परत फळीवर ठेवलं.

"भाऊजी, उद्यापासून उकडलेली भाजी. ना तेल, ना मीठ. दोन्ही वेळा माझ्यासमोर बसून खायची."

"त्यापेक्षा मेलेलं बरं!"

"तसं कसं? शंभर वर्षं जगवीन तुम्हाला," वहिनी म्हणाल्या आणि कितीतरी वर्षांनी पोटभर जेवल्या.