फायरमनच्या खांद्यावरची शाल

मंडळी, आज सकाळी आपल्या मंडळातर्फे आम्ही चौघं फरीदाबादला एका फायरमनच्या घरी गेलो होतो. फॅक्टरीच्या आगीतून कामगारांना बाहेर काढताना ते स्वतः भाजले. मदतीचा चेक नेला होता. आणि आपल्या पद्धतीप्रमाणे शाल-श्रीफळ.

शाल मीच घातली त्यांच्या खांद्यावर. मग नारळ पुढे केला आणि तिथेच थबकलो. दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज! नारळ घेणार कसा? शेवटी त्यांच्या बायकोने घेतला. आमच्यातलं कुणीतरी म्हणालं, "चलो, एक फोटो." बिचारे हसलेसुद्धा.

फोटो झाल्यावर बायको हळूच म्हणाली, "भैया, अब शॉल हटा दूँ? कंधा भी जला हुआ है."

इतका वेळ ते गप्प सोसत होते यार. वर मलाच म्हणाले, "माफ़ कीजिए, हाथ नहीं जोड़ पाया."

तो फोटो मी ग्रुपवर टाकणार नाही. त्यांना एक दिवसाआड ड्रेसिंगसाठी ई-रिक्षाने धक्के खात जावं लागतं. फरीदाबादमध्ये गाडी असलेलं आपल्यापैकी कोण आहे? परवा कोण नेईल त्यांना?