डोक्यातली बुरशी आणि माझा राग

कोकणात बुरशी कशाला लागत नाही? चपलांना लागते, कपाटातल्या लग्नाच्या कोटालासुद्धा लागते. ती माझ्या मेंदूला लागली तेव्हा खरं तर मी घर डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण माझं ओरडणं बंद झालं, हीच त्या आजाराची पहिली खूण होती.

रत्नागिरीतल्या एका शाळेत मी गणित शिकवायचो आणि तापट म्हणून गावभर प्रसिद्ध होतो. निवृत्तीनंतर हळूहळू शांत झालो. कुणी काहीही म्हटलं तरी 'बरं' म्हणायचो. माझ्या रागापायी बायकोने ग्रामदेवीपुढे कित्येकदा गाऱ्हाणं घातलं होतं. देवीने ऐकलं म्हणून तिने नारळ वाढवला, शेजाऱ्यांना पेढे दिले. शेजाऱ्यांनी ते जरा जास्तच आनंदाने खाल्ले.

मग एकदा मी सुरमई आणली. बायकोने कल्ले उघडून पाहिले तर काळपट, मासळी शिळी. पूर्वी मासळीवालीशी हुज्जत घातल्याशिवाय मी बोंबीलसुद्धा घेत नसे. हे काय आणलंत, असं तिने विचारलं, तर मी म्हणालो, असू दे. ती माझ्याकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने मला डॉक्टरांसमोर बसवलं.

मेंदूच्या पुढच्या भागात गाठ निघाली. कोल्हापूरला कवटी उघडून ती काढली, तपासली, तर बुरशीची. मला मधुमेह, त्यामुळे तिचं फावलं होतं. आधी शिरेतून औषध, मग कित्येक महिने उपाशीपोटी गोळ्या. गोळ्यांनी ऊन सोसेना, म्हणून अंगणातसुद्धा छत्री. बायकोने सर्जनना एवढंच विचारलं, "यांचा राग परत येईल ना हो?" वेळ लागेल, कदाचित येणारही नाही, असं ते म्हणाले.

घरी आल्यावर ती मुद्दाम माझ्या खोड्या काढी. चहा गार करून देई, चष्मा लपवून ठेवी. मी बरं म्हणून बसून राही. ती आत निघून जाई.

गोळ्यांचा पाचवा महिना असेल. सकाळी ओटीवर पेपर वाचत होतो. निवडणुकीच्या बातमीत मतांची टक्केवारी साफ चुकलेली. मी पेपर आपटला आणि ओरडलो, "ह्या गाढवाला गणित शिकवलं कोणी?"

बायको पिठाच्या हातांनीच धावत आली. मुंबईला मुलाला फोन लावून म्हणाली, बाबा ओरडले. मग फोन माझ्यापुढे धरला.

"पुन्हा बोला. तो ऐकतोय."

आता सांगून कधी राग येतो होय? मी आपटलेला पेपर उचलू लागलो. तेवढ्यात ती पायरीवर बसली आणि पिठाचे हात तोंडावर धरून हमसून रडू लागली. इतके महिने मी घरात असूनही ती एकटीच राहत होती, हे मला तेव्हा कळलं.