रेषेबाहेर बसलेल्या बाई

सकाळी बालवाडी आणि संध्याकाळी फुटबॉल, असा बाईंचा दिवस. त्यांच्या डाव्या नडगीला बोट बसेल एवढा खड्डा होता. लहानपणी पास चुकला की त्यांचे कोच छडीने नेमके तिथेच हाणायचे. म्हणून दहा-अकरा वर्षांच्या पोरांची टीम हाती आली, तेव्हा बाईंनी सगळ्यांना रिंगणात बसवलं आणि नियम त्यांनाच करायला लावले. चुकलं तर ओरडायचं नाही. हात उचलला, तर आठवडाभर रेषेबाहेर बसायचं. बाई फक्त विचारायच्या, "चेंडू आला तेव्हा तुला काय दिसलं?"

पालक नाकं मुरडायचे. गोलकीपर पोरीचा बाप, वेल्डर, तर तोंडावर म्हणायचा, "बाई, दोन लगावल्याशिवाय पोरं हलत नाहीत." त्या पोरीला सगळे मांजर म्हणायचे, झेपच तशी होती. अधूनमधून तिचे दंड काळेनिळे असायचे. विचारलं की म्हणायची, "पडले." बाईंनी तिच्या आईला गाठलं, तर ती खाली मान घालून निघून गेली.

मग तो सामना. मांजरीच्या पायांमधून तिसरा गोल गेला आणि वेल्डर तारेचं कुंपण ओलांडून आत घुसला. त्याने पोरीची वेणी मुठीला गुंडाळली आणि तिचं डोकं गोलच्या खांबावर आपटलं. लोखंड घणघणलं. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं. बाई धावत गेल्या, त्याचा हात धरला. त्याने वळून त्यांच्या तोंडावर ठोसा हाणला. बाईंनी दात थुंकला, मैदानाच्या कोपऱ्यातला झेंडा काठीसकट उपटला आणि त्याच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो कोसळला. बाई थांबल्या नाहीत. पाठीवर, मांडीवर, डोकं झाकणाऱ्या हातांवर त्या मारतच राहिल्या.

"बाई, पुरे! मरेल तो!" मांजर किंचाळली. तेव्हा कुठे पंचांनी त्यांना मागे ओढलं.

पोलीस चौकी झाली, जबान्या झाल्या. वेल्डरला आत टाकलं, बाईंवरही खटला गुदरला. मांजरीची आई लेकीला घेऊन बहिणीकडे राहायला गेली. जो तो बाईंची पाठ थोपटायला लागला. "बरी जिरवली!"

पोरांनी मात्र रिंगण धरलं. एकाने विचारलं, "तो पडल्यावर का मारलंत?"

'पोरीला वाचवायला,' हे पोलिसांना दिलेलं उत्तर बाईंच्या ओठांवर होतं. ते त्यांनी गिळलं.

"हात थांबत नव्हता," त्या म्हणाल्या. "आणि खरं सांगू? तेव्हा बरं वाटत होतं."

कोणी हसलं नाही. पोरांनी आपसात कुजबुज केली आणि निकाल दिला: आठवडाभर रेषेबाहेर. बाई मुकाट्याने जाऊन बसल्या. पोरं आपली आपण सराव करत राहिली, भांडली, पुन्हा खेळली.

भुवईला टाके घातलेली मांजर आली ती थेट बाईंशेजारी टेकली.

"गोलमध्ये उभं राहायचंय?" बाईंनी विचारलं.

"नाही. खांब बघितला की तो आवाज ऐकू येतो."

"मग कुठे खेळशील?"

मांजरीने मूठभर गवत उपटलं. "पुढे," ती म्हणाली. "पण आज नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि दोघी तिथेच बसून राहिल्या.