गाइडमधली आई

दहावीत इंग्रजीच्या गृहपाठाला ‘माझी आई’ हा निबंध होता. मी तो गाइडमधून जसाच्या तसा उतरवला. त्या आईला बँकेत नोकरी होती आणि दर रविवारी ती केक करायची. माझी आई नंदुरबारला मिरच्या वाळवायच्या मैदानावर, पथारीवर, जायची आणि वाळलेल्या मिरच्यांची देठं दिवसभर खुडायची.

पालकसभेला ती थेट कामावरूनच आली. ती समोर बसताच सरांना शिंका सुटल्या. नाक पुसत त्यांनी माझी वही उघडली. “वाच,” ते म्हणाले, “आणि आईला अर्थ सांग.”

निबंध गाइडचा आहे हे त्यांनी ओळखलंच होतं. मला त्यांचा असा राग आला! मी कशाबशा दोन ओळी वाचल्या आणि अहिराणीत भलतंच सांगत सुटले. माय पहाटे पथारीवर जाते, मिरचीने तिच्या बोटांची आग होते, मला झोंबेल म्हणून ती माझ्या तोंडावरून कधी हात फिरवत नाही. सर माझ्याकडे रोखून बघत होते. ते बाहेरगावचे. पण त्यांना अहिराणी कळत असली तर? शेवटी त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली.

सुटले, असं मला वाटलं. फाटकाबाहेर आल्यावर आई थांबली.

“तू दोनच ओळी वाच्यात, नि सांगं इतलं मोठं. ते वहीमा नव्हतं ना?”

मी मान खाली घातली.

“मंग तेच लिखाले तुले काय व्हयनं?”