गेनबांचा जोड

पडदा उघडतो तो सदाशिव पेठेतल्या एका जुन्या देवळात. साल दोन हजार चार. चुना जिभेवर चाखून पारखणारे लांबच्या धायरी गावचे गेनबा गवंडी भिंतीपुढे उभे आहेत. त्यांनी आठवडाभर खपून बुजवलेली भेग संगणकाला जोडलेल्या कॅमेऱ्यालाही सापडेना. गेनबांची छाती फुगली. पण जीर्णोद्धाराचं काम पाहणाऱ्या ऋतुजाबाई म्हणाल्या, "गेनबा, शास्त्र सांगतं, नवी डागडुजी जुन्यापासून वेगळी ओळखू आली पाहिजे. हे खरवडून पुन्हा करावं लागेल."

"म्हंजे जोड दिसाया पायजे?"

"हो."

गेनबांनी थापी पुसली आणि शांतपणे पिशवीत टाकली.

"मग माझ्या जावयाला बोलवा, बाई. त्यानं केलेला जोड धायरीवरनं दिसतोय."