व्याह्यांची वाइन आणि वहिनींचं नाक

“मॅडम, बायकोला न्यायची का नको?” भोईरशेठनी मला विचारलं.

मी पनवेलला टूर प्लॅनर आहे. कुणी कुठे राहायचं, काय खायचं, काय बघायचं, हे कागदावर बसवायचं, एवढंच आमचं काम. कुणाची बायको न्यायची हे त्यात येत नाही. पण भोईरशेठ कामोठ्याचे बिल्डर, आमचे जुने क्लायंट. त्यांच्या मुलीनं ठाण्यातला मुलगा पसंत केला होता. मुलाचे वडील चौधरीसाहेब, कंपनीतून रिटायर झालेले, वाइनचे भारी शौकीन. म्हणून दोन्ही घरांची पहिली भेट नाशिकला, द्राक्षमळ्यातल्या रिसॉर्टवर. तिथे जमलं तर पुढे साखरपुडा.

“ती कायतरी बोलून बसंल,” शेठ म्हणाले. “आमच्यात अजून सुकट-बोंबील चालतंय. त्यांच्यापुढं हसं व्हायला नको.”

“मुलीची आई आली नाही तर जास्त हसं होईल,” मी म्हणाले. मग वहिनींना न्यायचं ठरलं. अट एकच, तोंड उघडायचं नाही.

प्लॅन मी चोख केला. मळ्याकडे बाल्कनी असलेल्या रूम्स. सकाळी मिसळ, पण बेताची, कारण तिखटानं जीभ बधिर झाली की वाइनची चव कळत नाही. दुपारी टेस्टिंग. म्हणजे चार-पाच वाइनचा एकेक घोट, आधी व्हाइट, मग रेड. ग्लास दांडीला धरायचा, आधी हुंगायचं, मग प्यायचं. शेठनी आमच्या ऑफिसात बसून प्रॅक्टिस केली. स्टीलच्या पेल्याला दांडी नसते, तरी त्यांनी ती बराच वेळ शोधली.

ग्रुपबरोबर मीही गेले. टेस्टिंगला चौधरीसाहेब बोलायला लागले ते थांबेचनात. व्हाइटच्या वासात त्यांना पेरू सापडला, मग लिंबाची साल सापडली. शेठ दर वेळी म्हणायचे, “हाय, पेरू हाय.” वहिनी पदर सावरून गप्प बसल्या होत्या.

मग खास जुनी रेड आली. साहेबांनी डोळे मिटून ती हुंगली.

“वा. ओल्या मातीचा गंध. जुन्या वाइनची हीच खूण.”

“हाय, माती हाय,” शेठ म्हणाले.

वहिनींनी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला.

“आवडली नाही वाटतं?” साहेब हसले. “सवय लागते हो याची.”

शेठनी डोळे वटारले. वहिनींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

“सवय हाय मला,” त्या साहेबांना म्हणाल्या. “पावसात सुकटीच्या डब्याला असाच वास सुटतो. बुरशी लागलीय. पिऊ नका, पोट बिघडंल.”

साखरपुडा गेला, क्लायंटही गेला, असं मी धरून चालले. तेवढ्यात टेस्टिंग घेणाऱ्या रिसॉर्टच्या मॅडमनी तो ग्लास हुंगला, मग बाटलीचं बूच हुंगलं.

“सॉरी सर. बुचाला बुरशी धरली की वाइनला हा वास येतो. दुसरी बाटली आणते.”

साहेबांचा ग्लास तोवर रिकामा झाला होता.

“मी तेच म्हणणार होतो,” ते म्हणाले.

सगळ्यांत आधी हसल्या त्या साहेबांच्याच पत्नी. “ताई, तीस वर्षं यांचे पेरू ऐकतेय मी,” त्या वहिनींना म्हणाल्या. जेवायला दोघी शेजारी बसल्या आणि साखरपुड्याचा दिवस त्यांनीच ठरवून टाकला.

परतताना शेठ मला म्हणाले, “बायकोला नेलीच पायजे, असं मीच बोललेलो ना?”

मी हो म्हणाले. क्लायंट आहेत.

तेव्हापासून वाइन टूर असली की ग्रुपमध्ये कुणाला गप्प बसायला सांगितलंय, हे मी आधी विचारून घेते. पहिला ग्लास त्यांच्याच हातात देते.