माईंच्या एकुलत्या रेकॉर्डसाठी मशीन

“माँ जी, ये भी बेस्ट है,” सेल्समन म्हणाला. आधीची दोन मशीनंही बेस्टच होती.

मी माईंकडे स्वयंपाकाला आणि सोबतीला असते. बालाजी घाटाजवळ त्यांचं घर. माई गाणं शिकवायच्या. तरुणपणी त्यांनी गायलेल्या अभंगाची एकच रेकॉर्ड आहे, दुसरी प्रत कुणाकडे नाही. जुनं मशीन मोडल्यापासून ती वाजलेली नाही, आणि आता माईंना गाता येत नाही. म्हणून टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, घ्यायला त्यांचा पुतण्या शिरीष आम्हाला शोरूममध्ये घेऊन आला होता. चुकीच्या मशीनवर रेकॉर्ड खराब होते, एवढं माईंना ठाऊक होतं. बरोबर कोणतं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक नव्हतं.

“हे लाल घेऊ या, काकू. ब्लूटूथ पण आहे.”

“त्याला नुसता रंगच आहे रे!”

चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. मी माईंचा पदर ओढला आणि कानात सांगितलं. माईंनी ते मोठ्यांदा विचारलं, “भैया, आपकी माँ का गाना हो, एक ही रेकॉर्ड हो, तो किस पर बजाओगे?”

सेल्समन हसला. मालक कुठे आहे ते बघून हळूच म्हणाला, “तब तो पहले मिश्रा जी को दिखाएँगे. चौक के पीछे बैठते हैं.”

मिश्राजी रेडिओ आणि असली जुनी मशीनं दुरुस्त करतात, विकत नाहीत. आम्ही घरून रेकॉर्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ती खिडकीपाशी तिरकी धरली.

“इसमें ये लाल-पीला क्या भरा है?”

“हल्दी-कुंकू,” माई अभिमानाने म्हणाल्या. “हर साल खंडेनवमी को तानपूरे के साथ इसकी भी पूजा करते हैं.”

“माई, गाना तो इन्हीं लकीरों में है. आपने उसका मुँह ही भर दिया!”

शिरीष इतका हसला, की माईंनी त्याला चापट मारली.

रेकॉर्डवर बारीक रेघा असतात, त्यांतून सुई फिरते. रेघांत कुंकू असलं तर मशीन कितीही भारी असो, सुई तेच घासत बसते. मिश्राजींनी बॅटरीत घालतात त्या पाण्याने, मऊ ब्रशने रेकॉर्ड धुतली. मग आपलं मशीन दाखवलं. सुईच्या दांड्यामागे एक वजन असतं. ते फिरवून सुईचा भार कमी करता येतो.

“जिसमें ये न हो, वो मत लीजिए. बाकी जहाँ से मन करे लीजिए.”

त्यांनी रेकॉर्ड लावली. आधी फोडणीसारखं तडतडलं. मग एक कोवळा, स्वच्छ आवाज निघाला. माई डोळे मिटून मांडीवर ताल धरत होत्या. मला रडू यायला लागलं.

“दुसऱ्या चरणाला घाई केलीय पोरीने,” माई म्हणाल्या. “मिश्रा जी, फिर से लगाइए.”

वजनवालं मशीन त्याच शोरूममध्ये मिळालं. माई आता रोज त्या पोरीच्या चुका काढतात आणि रोज खूश होतात.

मी एवढंच शिकले: आपली वस्तू न बघताच जो सल्ला देतो, त्याला चहा पाजावा आणि पुढच्या दुकानात जावं.